जॉगिंगमुळे दुखावलेला गुडघा: पुन्हा धावू लागेपर्यंतचा क्रम

गेल्या काही महिन्यांत जॉगिंग सुरू केले, अंतर हळूहळू वाढत गेले आणि मग जिना उतरताना गुडघा दुखू लागला, अशा नवख्या धावणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या दुखण्यातून स्वतः गेलेला, पुण्यातच उपचार घेतलेला आणि आता पुन्हा नियमित धावणारा माणूस आहे. या काळात ज्या गोष्टीची मला पुरती खात्री पटली ती आधीच सांगतो. नुसत्या विश्रांतीने दुखणे शांत होते, पण गुडघा धावण्याजोगा होत नाही. त्यासाठी मांडीचे, पुठ्ठ्याचे (नितंबाचे) आणि पोटरीचे स्नायू मोजूनमापून भार देत पुन्हा तयार करावे लागतात. घाई होते ती बहुधा दुखणे कमी झाल्यानंतरच्या पंधरवड्यात, म्हणून पुढील क्रमात त्या टप्प्याला अधिक जागा दिली आहे.

१. पहिले दोन-तीन दिवस

धावणे त्याच क्षणी थांबवा आणि उरलेले अंतर रिक्षाने या. गुडघ्यावर सूज किंवा उष्णता असेल, तर बर्फाचे तुकडे पातळ पंचात गुंडाळून १५ ते २० मिनिटे शेक द्या; दिवसातून तीन-चार वेळा पुरेसे आहे. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. बसताना व झोपताना पाय उशीवर उंच ठेवा. क्रेप बँडेज बांधायचे असल्यास बोटे बधिर होणार नाहीत इतपत सैल बांधा आणि रात्री सोडा.

दिवसभर अंथरुणावर पडून राहण्याची मात्र गरज नसते. घरातल्या घरात, सपाट जमिनीवर, दुखणे वाढणार नाही इतके चालत राहावे, कारण न वापरलेला मांडीचा स्नायू फार लवकर दुबळा होतो.

या दिवसांत हमखास होणारी गोष्ट म्हणजे घरातील वडीलधारे तेलाची बाटली घेऊन येतात. त्यांची माया खरी असते, परंतु ताज्या सुजेवर जोराने चोळणे, गरम शेक देणे किंवा हाडवैद्याकडून सांधा ओढून घेणे टाळावे. आत काय दुखावले आहे हे ठाऊक नसताना सांध्याला झटका देणे मला धोक्याचे वाटते. वेदनाशामक गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पित्ताचा त्रास असलेल्यांनी तर विशेष जपावे. गोळी घेऊन धावायला जाणे कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण गुडघ्याकडून येणारी सूचनाच त्यामुळे बंद होते.

२. वाट न पाहता डॉक्टरांकडे कधी जावे

पुढीलपैकी एकही लक्षण असेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी तपासणी करून घ्या.

- दुखऱ्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नाहीत.
- गुडघा काटकोनापर्यंत वाकत नाही, अथवा मध्येच अडकून बसतो आणि सरळ होत नाही.
- मुरगळताना आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजला.
- केवळ वाटीच्या हाडावर, किंवा गुडघ्याच्या बाहेरील बाजूस थोडे खाली असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर, बोट दाबताच कळ येते.
- चालताना गुडघा अचानक दगा देतो.
- सांधा लाल, गरम आहे आणि ताप आहे.
- एकाच पायाची पोटरी सुजली व दुखते आहे. सोबत दम लागत असेल तर तातडीच्या विभागात जावे.

ज्यांचे वय ५५ वा त्याहून अधिक आहे त्यांनी अशा दुखापतीत एक्स-रेविषयी लवकर विचारावे.

३. नेमके कुठे दुखते, याची नोंद

‘गुडघा दुखतो’ एवढ्याने डॉक्टरांना फारसे कळत नाही. एका बोटाने जागा दाखवता येते का, की तळहाताने सगळा गुडघा दाखवावा लागतो, हे आधी पाहा. वाटीच्या मागे किंवा भोवती, नेमके न सांगता येणारे, जिना उतरताना, उकिडवे बसताना आणि नाट्यगृहात बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर वाढणारे दुखणे जॉगिंग करणाऱ्यांत सर्वाधिक आढळते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, धावायला लागल्यावर ठरावीक वेळाने सुरू होणारी आणि उतारावर बळावणारी कळ बहुधा मांडीच्या बाहेरून येणाऱ्या जाड पट्ट्याशी निगडित असते. वाटीच्या अगदी खाली, उडी मारताना दुखत असेल तर तेथील कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) ताण आलेला असू शकतो. सांध्याच्या फटीत, आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला, वळताना दुखत असेल आणि गुडघा अडकत असेल तर गादीचा (सांध्यातील हाडांमधल्या कुर्चेच्या चकतीचा) विचार करावा लागतो.

हे निदान नव्हे, ते तपासणाऱ्यानेच करायचे आहे. मात्र आठवडाभराची एक साधी वही ठेवा: सकाळी उठल्यावर दुखणे शून्य ते दहापैकी किती, जिना उतरताना किती, रात्री किती, आणि त्या दिवशी काय केले. पुढे धावणे सुरू करताना याच वहीचा सर्वांत अधिक उपयोग होतो.

४. कोणाला दाखवावे आणि सोबत काय न्यावे

पहिली भेट अस्थिरोगतज्ज्ञाची असावी आणि शक्य असल्यास खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांची. पुण्यात अशी सोय बरीच आहे. खासगी खर्च झेपणार नसेल तर पुणे स्टेशनजवळील ससून सर्वसाधारण रुग्णालयात केसपेपर काढून अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत दाखवता येते; तिथे गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे आणि हाताशी वेळ ठेवावा.

फिजिओथेरपिस्ट निवडताना महाराष्ट्र राज्य ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडील नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. दुसरी खूण मी माझ्यापुरती अशी ठरवली होती: पहिल्या भेटीत ते तुम्हाला उभे करतात का, चालवतात का, एका पायावर वाकायला लावतात का? प्रत्येक वेळी केवळ यंत्राचा शेक देऊन परत पाठवले जात असेल आणि घरी करायचा व्यायाम वाढत नसेल, तर दुसरीकडे जावे. यंत्राने तात्पुरते बरे वाटते. स्नायू बळकट होत नाही.

सोबत न्यायच्या वस्तू:

- आधीचे एक्स-रे, रक्ततपासण्या आणि चालू औषधांची यादी. औषधाची ॲलर्जी असल्यास तीही
- वर सांगितलेली वही
- मोबाइल ॲपवर अंतर व वेळ नोंदत असाल तर गेल्या दोन-तीन महिन्यांची नोंद
- धावण्याचे जुने बूट, तळवे न पुसता
- गुडघ्याच्या वर सरकेल अशी सैल अर्धी विजार
- आरोग्य विम्याची पॉलिसी

ॲपवरील नोंद नेण्याचे कारण असे, की बहुतेक दुखापतींचे मूळ तेथेच सापडते. अंतर, वेग आणि चढ या तिन्हींपैकी काय अचानक वाढले, हे आकड्यांत पाहिले की डॉक्टरांचे काम सोपे होते.

विम्याबद्दल एक सावधगिरी. अनेक पॉलिसींत ओपीडीची फी, बाहेरून केलेला एमआरआय आणि फिजिओथेरपीची सत्रे यांचा समावेश नसतो, किंवा त्यासाठी वेगळे कलम असते. बिल आल्यानंतर भांडण्यापेक्षा कलम आधी वाचा, आणि प्रत्येक तपासणीसाठी डॉक्टरांची सही-तारखेची चिठ्ठी व शिक्क्याची पावती जपून ठेवा.

५. एक्स-रे आणि एमआरआय

एक्स-रेत हाडे दिसतात. गादी, अस्थिबंध (हाडांना हाडांशी जोडणारे पट्टे) आणि कंडरा दिसत नाहीत. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे काहीच झालेले नाही असे नाही. एमआरआयमध्ये मऊ भाग दिसतात, परंतु वाटीभोवतीच्या साध्या दुखण्यात त्याची सहसा आवश्यकता नसते. ओळखीच्या कोणीतरी सुचवले म्हणून परस्पर एमआरआय करून येऊ नका. चाळिशीनंतर एकही दिवस गुडघा न दुखलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही गादीवर लहान चीर किंवा झीज दिसू शकते. अहवालातील तो शब्द वाचून धास्तावलेली, धावणे कायमचे सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. अहवाल आणि तुमचे दुखणे यांचा मेळ बसतो का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बेताने, हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे न धावणाऱ्यांपेक्षा लवकर झिजतात असे दिसून आलेले नाही, हेही घरच्यांना सांगता येईल.

शरीरात पेसमेकर किंवा धातूचा भाग असेल तर एमआरआय केंद्रावर आधीच कळवा.

६. व्यायाम: या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्या

येथून पुढील व्यायाम वाटीभोवतीच्या दुखण्यात सामान्यतः दिले जातात. गादी किंवा अस्थिबंध फाटला असल्यास क्रम वेगळा असतो, म्हणून तुमच्या फिजिओने होकार दिल्याशिवाय सुरुवात करू नका. लागणारे साहित्य थोडे आहे: सतरंजी, छोटा टॉवेल, रबरी पट्टा, उभा आरसा आणि स्वयंपाकघरातला किंवा देवघरातला लाकडी पाट.

पहिल्या टप्प्यात गुडघा फारसा न वाकवता स्नायू जागा करायचा असतो. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती खाली दाबत मांडीचा पुढचा स्नायू पाच ते दहा सेकंद आवळून धरा. मग उताणे झोपून पाय सरळ ठेवत वीतभर उचला. कुशीवर झोपून, गुडघे किंचित दुमडून, टाचा जुळलेल्या ठेवत वरचा गुडघा उघडा. पाठीवर झोपून दोन्ही पाय रोवून कंबर वर उचला. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन ते तीन फेऱ्या. यातील कुशीवरचा व्यायाम लोकांना क्षुल्लक वाटतो आणि तोच प्रथम गाळला जातो. वास्तविक पुठ्ठ्याचा स्नायू कमकुवत असेल तर धावताना मांडी आत वळते आणि वाटी एका अंगाला घासली जाते. तेव्हा दुखते गुडघ्यात, पण दुरुस्ती खुब्यापाशी करायची असते.

दुसऱ्या टप्प्यात भिंतीला पाठ टेकवून थोडे खाली सरकून थांबणे, टाचा उचलणे आणि खुर्चीवरून हात न टेकता हळू उठणे-बसणे येते. भिंतीशी सरकताना प्रथम काटकोनाच्या बऱ्याच वर थांबा.

तिसरा टप्पा म्हणजे पायरी उतरणे, आणि याचे थोडे सविस्तर वर्णन करतो. आरशासमोर पाटावर दुखऱ्या पायाने उभे राहा. दुसऱ्या पायाची टाच पुढे जमिनीला हलकेच टेकेपर्यंत, मनात तीन अंक मोजत, खाली जा आणि तेवढ्याच संथपणे वर या. आरशात तीन जागा पाहायच्या आहेत: कमरेची एक बाजू खाली पडते का, गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला ओढला जातो का, आणि तळव्याची कमान चेपली जाते का. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. पहिल्या चार-पाच वेळा तो नीट राहतो आणि मग दमल्यावर आत कलू लागतो. जेथे कलायला लागला तेथे फेरी संपली असे समजावे. पाटावर सहज जमू लागले की इमारतीच्या जिन्याची पायरी घ्या, आणि तीही जमली की हातात पाण्याची भरलेली बाटली धरा.

किती दुखणे चालेल? हा नियम मला अत्यंत उपयोगी पडला: व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे चालू शकते, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलेले असले पाहिजे. सकाळी गुडघा कालच्यापेक्षा अधिक दुखत किंवा सुजलेला असेल, तर भार जास्त झाला. पुढच्या वेळी फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. पूर्णपणे न दुखण्याची वाट पाहणारे महिनोनमहिने पहिल्याच टप्प्यात अडकतात.

साधारण सहा ते बारा आठवडे हा क्रम चालतो. दुखणे जुने असेल तर अधिकही लागतात.

७. घरात आणि रस्त्यावर घ्यायची काळजी

काही आठवडे मांडी घालून, वज्रासनात किंवा उकिडवे बसणे टाळा. पूजेला पाटाऐवजी खुर्ची घ्या. देशी पद्धतीचे शौचालय असेल तर वर ठेवायची खुर्ची औषध-साहित्याच्या दुकानात मिळते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर. काठी घ्यावी लागली तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

दुचाकी डबल स्टँडवर लावणे आणि किक मारणे बंद ठेवा. गर्दीत गाडी पायाने मागे ढकलणेही गुडघ्याला महाग पडते. नी-कॅप आधाराला ठीक आहे, परंतु ती दिवसभर घालून व्यायाम न करणे हा उपाय नव्हे.

८. दम टिकवून ठेवणे

धावणे बंद असले तरी हृदय-फुप्फुसांचा सराव चालू ठेवता येतो. स्थिर सायकलचे सीट इतके उंच ठेवा की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली असल्यास वाटीवर दाब येतो. पोहताना हातांवर भर देऊन सरळ पाय मारण्याची पद्धत चालते, बेडकासारखा पाय मारण्याची पद्धत मात्र काही काळ नको.

९. धावण्याआधीची परीक्षा

पुढील सर्व गोष्टी जमल्याशिवाय धावू नका, कितीही बरे वाटत असले तरी.

- सपाट रस्त्यावर भरभर ३० मिनिटे चालणे, चालताना आणि दुसऱ्या सकाळी न दुखता
- जिना हात न धरता, सलग पावले टाकत उतरणे
- दुखऱ्या पायावर उभे राहून दहा वेळा थोडे खाली वाकणे, गुडघा आत न कलता
- एका पायावर जागच्या जागी दहा हलक्या उड्या
- सूज अजिबात नसणे

मांडीचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून एक वीत वर दोन्ही पायांवर टेपने मोजून पाहा. दुखऱ्या बाजूची मांडी बहुधा बारीक झालेली असते. ती भरत चाललेली पाहणे हा या काळातला सर्वांत आश्वासक पुरावा आहे.

१०. पुन्हा धावण्याचा क्रम

एक दिवसाआड धावा. पहिल्या आठवड्यात पाच-दहा मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट संथ जॉगिंग व दोन मिनिटे चालणे, असे सहा ते आठ वेळा. त्यानंतर दोन मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे, मग तीनास एक, मग पाचास एक, आणि शेवटी सलग वीस मिनिटे. प्रत्येक पायरी किमान दोनदा, दुसऱ्या सकाळच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन पार करावी. आधी वेळ वाढवा, नंतर वेग, आणि चढ-उतार सर्वांत शेवटी.

एक किलोमीटर धावताना हजाराहून अधिक पावले पडतात, म्हणून प्रत्येक पावलावरचा थोडासा भार कमी झाला तरी फरक पडतो. लांब टांग टाकण्याऐवजी पावले आखूड व किंचित जलद टाका. मिनिटाला १६० पावले पडत असतील तर १६८ ते १७६ पर्यंत न्या; वेग तोच ठेवा.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होते आणि परंपरेने ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. ऑगस्टमध्ये दुखावलेला गुडघा घेऊन त्या तारखेवर बोट ठेवू नये. नाव नोंदवले असले, पैसे भरले असले, तरीही नाही. स्पर्धेसाठी सांध्यात इंजेक्शन घेऊन उभे राहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ नाकारावा.

११. पुण्यात कुठे धावावे

सुरुवात सपाट व सलग जागेवर करा. सारसबागेजवळच्या सणस मैदानासारखा ट्रॅक मिळाला तर उत्तम, मात्र सतत एकाच दिशेने वळण घेत राहिल्याने एका पायावर ताण येतो, म्हणून अंतर कमी ठेवा आणि नियमांत बसत असेल तर दिशा बदला. रस्त्याच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. तिथे रोज एकाच बाजूने धावल्यास एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. तळजाई टेकडीवरची मातीची वाट पायाला मऊ आहे, पण सपाट भाग निवडा. वेताळ टेकडीवरून एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने उतरताना सुट्या खड्यांवर पाय सरकतो, आणि उतारावर गुडघ्याला ब्रेकचे काम करावे लागते. तिथे आधी काही आठवडे फक्त चाला. पर्वतीच्या पायऱ्या चढणे लवकर जमते, उतरणे उशिरा. जून ते सप्टेंबर टेकड्यांवर शेवाळ असते, त्या काळात टेकडीचा मोह टाळलेला बरा. हिवाळ्यातील थंड पहाटे निघण्यापूर्वी घरातच दहा मिनिटे अंग गरम करून घ्या.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलतात. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, दुकानात प्रत्यक्ष चालून पाहूनच घ्या. महाग बूट गुडघा बरा करत नाही.

१२. दुखणे परत आले तर

पुन्हा थोडे दुखणे म्हणजे सारे मुसळ केरात गेले असे नव्हे. दोन दिवस धावणे थांबवा, व्यायाम चालू ठेवा आणि वहीत पाहून ज्या पायरीवर त्रास नव्हता तिथून पुन्हा सुरू करा. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर फिजिओची पुन्हा भेट घ्या; दुसऱ्या क्रमांकाखालील एखादे लक्षण दिसले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सलग धावणे जमू लागल्यावरही पाटावरून उतरण्याचा आणि कुशीवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. धावण्याच्या दिवशी वेळ मिळत नसेल तर मधल्या दिवसांवर तो टाका.